पिसांचा मासा

(धागा, केस, पिसे आणि धातूचे मणी यांपासून माशांना भुलवणारे एक वजनदार आमिष तयार करतात. ते कसे बांधतात, पाण्यात कसे चालवतात आणि केव्हा मुळीच वापरू नये, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, कोंबडीचे एक पीस घ्या. अंगणात उभे राहून ते जोराने लांब फेका. काय होते? तुम्ही कितीही जोर लावला तरी पीस दोन हातांवर खाली पडते. आता एक लहानसा खडा फेका. तो सहज कुंपणापर्यंत जातो. पीस फार हलके असते, म्हणून हवा त्याला पुढे जाऊ देत नाही. तेच पीस पाण्यात टाकले तर ते बुडतही नाही, वरच तरंगत राहते. मग अशा पिसांनी खोल पाण्यातला मासा कसा बरे पकडता येईल? या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात आहे. तो शब्द मराठीतही आहे आणि तुमच्या उर्दूतही आहे. तो शब्द म्हणजे 'वजन'.

आपण नामपूरच्या नदीकाठी जाऊ. नामपूर हे नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातील गाव मोसम नदीच्या काठी वसले आहे. मोसम नदी साल्हेर-मुल्हेरच्या डोंगराळ भागातून येते. ताहाराबाद, नामपूर असा प्रवास करत ती मालेगावला पोहोचते आणि तेथे गिरणा नदीला मिळते. पुढे गिरणेचे पाणी तापी नदीत जाते. पावसाळ्यात मोसम दुथडी भरून वाहते. पाऊस सरला की तिचा प्रवाह बारीक होतो. मग ठिकठिकाणी डोह उरतात. डोहाच्या कडेला गवत आणि पाणवनस्पती वाढतात.

असे संथ पाणी मरळ माशाला फार आवडते. मरळ लांबट आणि गोलसर अंगाचा असतो. त्याचे डोके सापाच्या डोक्यासारखे दिसते. तो शिकारी मासा आहे. लहान मासे, बेडूक आणि किडे हे त्याचे अन्न. तो पाण्यात राहतो, पण त्याला वरची हवाही लागते. म्हणून तो अधूनमधून पृष्ठभागावर येतो, हवेचा घोट घेतो आणि पुन्हा खाली जातो. पाण्याबाहेर काढल्यावरही मरळ बराच वेळ जिवंत राहतो, त्याचे कारण हेच.

मासे धरण्याची साधी रीत तुम्हांला माहीत असेल. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावतात, गळ पाण्यात सोडतात आणि वाट पाहत बसतात. येथे मासा वासाने आणि चवीने आमिषाकडे येतो. पण आमिषाला वास नसेल, चव नसेल, ते खाण्याजोगेही नसेल, तर? तर त्याने माशाच्या डोळ्यांना फसवले पाहिजे.

ही युक्ती फार जुनी आहे. इसवी सन २०० च्या सुमारास क्लॉडियस एलियानस नावाचा लेखक रोममध्ये होऊन गेला. मॅसिडोनिया देशातील लोक नदीतले मासे कसे धरतात, हे त्याने लिहून ठेवले आहे. ते लोक गळाभोवती लाल लोकर गुंडाळत. तिच्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची, मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधत. नदीवर उडणारी माशी समजून मासे त्या गळावर झडप घालत. पिसांच्या अशा आमिषाला इंग्रजीत 'फ्लाय', म्हणजे माशी, असे म्हणतात. पुढे लोक लांब केसांची आणि लांब पिसांची आमिषे बांधू लागले. ती माशीसारखी नव्हे, तर लहान माशासारखी दिसतात. त्यांना 'स्ट्रीमर' म्हणतात. नावात माशी असली तरी हा खरोखर पिसांचा मासाच असतो.

या पिसांच्या माशाला एकच अडचण होती. तो वरवरच पोहत असे. मोठे शिकारी मासे मात्र पुष्कळदा खाली, तळाजवळ असतात. म्हणून बांधणाऱ्यांनी त्याला धातूचे वजन दिले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहाना नावाची नदी आहे. तिच्या काठी राहणाऱ्या बॉब क्लाउझर यांनी १९८० ते १९९० या दशकात एक नवी बांधणी केली. त्यांनी शिशाचे दोन जोड-मणी गळाच्या दांड्यावर डोळ्यांसारखे बांधले आणि थोडेसे केस लावले. लेफ्टी क्रे या प्रसिद्ध मासेमाराने या आमिषाला क्लाउझर यांचे नाव दिले. आज हे आमिष जगातील अनेक देशांत, नद्यांत आणि समुद्रातही वापरतात.

त्या दोन मण्यांनी नेमके काय केले? एकाच वेळी तीन कामे केली. पहिले काम म्हणजे आमिष बुडवणे. एक घन सेंटिमीटर पाण्याचे वजन १ ग्रॅम असते. तेवढ्याच काचेचे वजन सुमारे अडीच ग्रॅम, पितळेचे सुमारे साडेआठ ग्रॅम आणि शिशाचे ११ ग्रॅमपेक्षा जास्त असते. म्हणून धातूचा छोटासा मणीही केसांना आणि पिसांना खाली घेऊन जातो.

दुसरे काम म्हणजे आमिषाला जिवंत करणे. मणी पुढच्या बाजूला, तोंडाजवळ असतात. दोरी ओढली की आमिष पुढे येते आणि त्याचे तोंड वर उचलले जाते. ओढणे थांबवले की तोंड खाली झुकते आणि आमिष सूर मारते. असे वर-खाली होत जाणारे आमिष जखमी किंवा घाबरलेल्या माशासारखे दिसते. शिकारी मासा धडधाकट माशामागे धावत नाही असे नाही. पण दुबळी शिकार त्याला सोपी वाटते.

तिसरे काम सर्वांत गमतीचे आहे. पाडली तरी पुन्हा उभी राहणारी बाहुली तुम्ही पाहिली असेल. तिच्या तळाशी वजन असते. ते वजन नेहमी खाली जाते, म्हणून बाहुली सरळ उभी राहते. गळाच्या दांड्यावर, टोकाच्या विरुद्ध बाजूला मणी बांधले, तर पाण्यात तेच होते. मणी खाली जातात, गळ उलटतो आणि त्याचे टोक वर येते. टोक वर असले की ते दगडांत आणि गवतात कमी अडकते. मरळ गवताच्या कडेलाच दबा धरून बसतो. तेथे याचा किती उपयोग होत असेल, ते तुम्हीच सांगा.

आता बांधणीकडे वळू. पण त्याआधी एक काम करा. नदीच्या काठी शांत बसून लहान मासे नीट पाहा. विल्यम सायक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधील माशांचा अभ्यास करून १८३९ मध्ये त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. अनेक माशांची येथील लोकांच्या तोंडी असलेली नावे त्याने शास्त्रीय नावांत तशीच ठेवली. 'बलुकी' हे त्यांतलेच एक नाव. बलुकी हा चांदीसारखा चमकणारा, लांबट, लहान मासा. शास्त्रज्ञ आजही त्याला त्याच नावाने ओळखतात. असा लहान मासा वरून पाहिला तर पाठ काळपट दिसते, म्हणून तो खालच्या गढूळ पाण्यात मिसळून जातो. खालून पाहिला तर पोट पांढरे दिसते, म्हणून तो उजळ आकाशात मिसळून जातो. आपल्या पिसांच्या माशालाही गडद पाठ आणि पांढरे पोट हवे.

लागणारे सामान आपल्या आसपास मिळते. पक्का धागा हवा. मालेगाव तर यंत्रमागांचे शहर आहे, तेथे धाग्याला काय तोटा! अमेरिकेत हरणाच्या शेपटीचे केस वापरतात. आपण बोकडाचे लांब केस घ्यावेत, थोडे पांढरे आणि थोडे काळे. चमक येण्यासाठी जरीच्या दोन-तीन तारा पुरतात. आपल्याच जिल्ह्यातील येवल्याच्या पैठणीत अशी जर असते. मण्यांसाठी किल्ल्यांना लावतात ती बारीक गोल मण्यांची साखळी पाहा. तिच्यातून दोन जोडलेल्या मण्यांचा तुकडा कापून घ्यावा. हे मणी पोकळ असतात, म्हणून ते उथळ पाण्यासाठी चांगले. खोल पाण्यासाठी भरीव पितळी मणी घ्यावेत. शिसे मात्र विषारी असते. ते दातांनी दाबू नये आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

गळाचे भाग आधी ओळखा. सुईला असते तसे गळालाही नेढे असते. त्यातून दोरी ओवतात. नेढ्यापासून पुढे सरळ दांडा असतो. मग वाक आणि शेवटी टोक. टोकाजवळ एक बारीक उलटा काटा असतो. पकडीने तो प्रथम दाबून सपाट करावा. त्यामुळे माशाच्या तोंडातून गळ सहज निघतो. चुकून आपल्या बोटात गेला तर तेथूनही सहज निघतो.

आता पकडीत गळ धरून पकडीच्या मुठींना घट्ट रबर लावा. पकड गळ सोडणार नाही आणि तुमचे दोन्ही हात मोकळे राहतील. गळाचे टोक खाली असू द्या. दांड्यावर धाग्याचे जवळजवळ वेढे द्या. उघड्या धातूवर मणी घसरतात, धाग्यावर घसरत नाहीत. नेढ्यापासून दांड्याच्या एक तृतीयांश अंतरावर, वरच्या बाजूला मण्यांची जोडी आडवी ठेवा. एकदा डावीकडून उजवीकडे आणि एकदा उजवीकडून डावीकडे, असे फुलीच्या आकाराचे वेढे देऊन ती पक्की करा. बोटाने हलवून पाहा. मणी फिरत असतील तर पुढे जाऊ नका, आणखी वेढे द्या.

मग पांढऱ्या केसांची आगकाडीएवढी जाड जुडी घ्या. तिचे टोक नेढे आणि मणी यांच्यामध्ये बांधा. केस मण्यांच्या मधल्या खाचेतून मागे न्या आणि मण्यांच्या मागे पुन्हा बांधा. हे झाले पोट. आता गळ उलटा करून पकडीत धरा. टोक वर येईल. मण्यांच्या पुढे प्रथम जरीच्या तारा आणि त्यांवर काळ्या केसांची तेवढीच जुडी बांधा. ही झाली पाठ. केस गळाच्या वाकाच्या मागे, गळाच्या लांबीइतके लोंबू द्यावेत. शेवटी नेढ्याजवळ धाग्याचे छोटे डोके करा, तीन-चार गाठी मारा, धागा कापा आणि नखांना लावायच्या पारदर्शक रंगाचा एक थेंब त्यावर सोडा. रंग वाळला की गाठ सुटत नाही.

नवशिका नेहमी एक चूक करतो. तो खूप केस बांधतो. त्याला वाटते, जास्त केस म्हणजे जास्त चांगला मासा. पण दाट केस पाण्यात हलत नाहीत आणि आमिष लवकर बुडतही नाही. थोडे केस पाण्यात श्वास घेतल्यासारखे हलतात.

आपले काम बरोबर झाले की नाही, हे नदीला विचारण्याआधी बादलीला विचारावे. आमिषाला दोरी बांधून ते पाणी भरलेल्या बादलीत सोडा. टोक वर आले का? ओढल्यावर तोंड वर आणि थांबल्यावर तोंड खाली जाते का? आमिष एका बाजूला कलत असेल तर मणी तिरपे बसले आहेत असे समजावे. धागा सोडून पुन्हा बांधावे.

आता ते फेकायचे कसे? परदेशात यासाठी खास काठी आणि खास जाड दोरी असते. तेथे दोरीलाच वजन असते आणि ती चाबकासारखी फिरवून पुढे सोडतात. जपानमध्ये मात्र 'तेन्कारा' नावाची एक साधी रीत आहे. त्या काठीला चक्र नसते, दोरी काठीच्या शेंड्यालाच बांधलेली असते. बांबूची हलकी काठी आणि जवळजवळ तेवढ्याच लांबीची दोरी घेतली, तर आपल्याकडेही तसे करता येते. वजनदार आमिष झोक्यासारखे पुढे सोडायचे, एवढेच. फेकण्याआधी मागे वळून पाहावे. मागे माणूस, गुरे किंवा विजेची तार नाही, याची खात्री करावी. धातूचे मणी असलेले आमिष वेगाने डोळ्यावर आले तर डोळा जाऊ शकतो.

आमिष पाण्यात पडले की लगेच ओढू नका. मनात मोजा : एक, दोन, तीन, चार... आठ मोजल्यावर ते तळाला टेकले असे समजा. पुढच्या वेळी सहालाच ओढायला सुरुवात करा. म्हणजे आमिष तळाच्या थोडे वर पोहेल. मोजणे ही या कामातली डोळ्यांनी न दिसणारी मोजपट्टी आहे. मग वीतभर ओढा, थांबा. पुन्हा ओढा, थांबा. मासा बहुधा थांबण्याच्या क्षणीच, आमिष खाली जात असताना, तोंड घालतो. म्हणून थांबलात तरी दोरी सैल सोडू नका. सैल दोरीतून माशाचा स्पर्श हाताला कळत नाही.

आता या पाठातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. पावसाळ्याच्या दिवसांत संथ पाण्यात कधी कधी एक लालसर, हलता पुंजका दिसतो. पाणी तेथे उकळत असल्यासारखे वाटते. तो मरळीच्या शेकडो पिल्लांचा थवा असतो. पिल्ले हवा घेण्यासाठी एकदम वर येतात आणि एकदम खाली जातात. त्यांच्या खालीच आईबाप पहारा देत असतात. अशा वेळी तुमचा पिसांचा मासा त्या थव्याजवळ पडला, तर मरळ त्यावर नक्कीच तुटून पडेल. तिला भूक लागलेली असते म्हणून नव्हे. आपल्या पिल्लांवर शत्रू चालून आला, असे तिला वाटते म्हणून. त्या क्षणी मरळ पकडण्याइतके सोपे काम दुसरे नाही. पण ती बाहेर आली की पहारा उठतो. बेडूक, पाणसाप आणि दुसरे मासे पिल्लांवर ताव मारतात. पुढच्या वर्षीचे मासे आपण त्या एका झटक्यात संपवतो. म्हणून लाल थवा दिसला की दोरी गुंडाळावी आणि दुसऱ्या जागी जावे. ज्याला मासा कोठे नक्की गळाला लागेल हे कळते, त्यालाच गळ कोठे टाकू नये हेही कळले पाहिजे.

काही लोक याच्या अगदी उलट वागतात. ते पाण्यात विष कालवतात किंवा स्फोटक टाकतात. त्याने मोठा मासा मरतो, पिल्लू मरते, अंडी मरतात आणि पाणीही बिघडते. भारतात १८९७ च्या मत्स्य कायद्यानेच असे करण्यास बंदी घातली आहे. तसेच मोराची किंवा रानपक्ष्यांची पिसे मिळवण्यासाठी पक्ष्यांना त्रास देऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे. घरच्या कोंबडीचे गळून पडलेले पीस आपल्याला पुरेसे आहे.

आणखी दोन सूचना लक्षात ठेवा. अनेक धरणांत आणि तलावांत मासेमारीचा ठेका मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे असतो. त्यावर त्यांची घरे चालतात. तेथे विचारल्याशिवाय गळ टाकू नये. दुसरे म्हणजे, नदीवर एकट्याने कधीही जाऊ नका. मोसम नदीवर वरच्या भागात हरणबारी धरण आहे. धरणातून पाणी सोडले की कोरडे पात्र पाहता पाहता भरते. मोठ्या माणसाला बरोबर न्या आणि काठावरूनच मासे धरा.

मुलांनो, दोन मणी, चिमूटभर केस आणि हातभर धागा, एवढ्याशा वस्तूंत किती विचार भरलेला आहे, पाहा. मण्यांची जागा थोडी चुकली तर गळ उलटत नाही, केस थोडे जास्त झाले तर आमिष पोहत नाही. पुढच्या वेळी नदीवर जाल, तेव्हा आधी लहान मासे पाहा, मग पाण्यात कोठे लाल थवा आहे का ते पाहा. गळ त्यानंतर बाहेर काढा.

शब्दार्थ

आमिष – माशाला भुलवण्यासाठी गळाला लावलेली वस्तू
गळ – मासे धरण्याचा वाकडा काटा
डोह – नदीतील खोल व संथ पाण्याची जागा
नेढे – दोरा ओवण्याचे छिद्र
दुथडी – दोन्ही काठांना लागून
दबा धरणे – शिकारीसाठी लपून बसणे
पुंजका – लहान झुबका, समूह
ताव मारणे – भरपूर खाणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नामपूर कोणत्या नदीच्या काठी वसले आहे?
(आ) मरळ मासा पाण्याच्या पृष्ठभागावर का येतो?
(इ) गळाचा उलटा काटा दाबून सपाट का करावा?

प्र. २. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) धातूचे मणी कोणती तीन कामे करतात?
(आ) पिसांच्या माशाची पाठ गडद आणि पोट पांढरे का ठेवतात?
(इ) पिल्लांच्या थव्याजवळ गळ का टाकू नये?

प्र. ३. खालील शब्दांना तुमच्या भाषेत काय म्हणतात ते सांगा.
मासा, पीस, शिसे, नदी, काठ, गाठ

प्र. ४. वाक्यात उपयोग करा.
दबा धरणे, तुटून पडणे, काय तोटा, पाहता पाहता

उपक्रम : गळाऐवजी टोक नसलेली जाड तार वाकवून घ्या. तिच्यावर मणी एकदा वरच्या बाजूला आणि एकदा खालच्या बाजूला बांधा. दोन्ही वेळा ती बादलीतील पाण्यात सोडा. काय फरक दिसला, ते पाच वाक्यांत लिहा.